क्लाइंबर स्टँडसाठी झाड शोधताना : मिशिगन, बो सीझन २०२३ च्या नोंदी

आधी थोडक्यात ओळख. मी मूळचा कुडाळचा, आता बारा वर्षं डेट्रॉइटच्या उपनगरात, नोकरी गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत. डिअर हंटिंगचा नाद ऑफिसातल्या रिटायरमेंटला आलेल्या एका टूलमेकरने लावला, त्याला इथे गुरुजी म्हणतो. दोन सीझन त्याच्याच जमिनीवर त्याच्याच शिडीवाल्या स्टँडवर, म्हणजे झाडावरच्या बैठकीवर, बसलो, म्हणजे झाड त्याने निवडलेलं, शिडी त्याने लावलेली, मी फक्त जाऊन बसायचो आणि वाटायचं आपल्याला सगळं येतं. यंदा बो सीझनला, म्हणजे धनुष्यबाणाने शिकारीच्या हंगामात, पहिल्यांदा सरकारी जमिनीवर, स्वतःचा क्लाइंबर (बरोबर नेऊन झाडावर चढवायचा स्टँड) घेऊन. क्रॉसबो (आडवं धनुष्य) कुठला, कपडे कुठले यावर सांगणारे भरपूर आहेत, झाड कसं निवडायचं यावर मात्र "सरळ झाड बघ" यापलीकडे कोणी काही सांगत नाही, म्हणून या नोंदी फक्त झाडाच्या.

२६ ऑगस्ट, शनिवार

स्टँड घेतला. जुना, १६० डॉलर, नवीन साडेतीनशेच्या पुढे जातो. हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) मात्र नवाच घेतला, ९० डॉलर. जुना हार्नेस कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, उन्हाने पट्टे कमकुवत होतात आणि ते वरून नेहमी कळत नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: दोन चौकटी असतात, वरची बसायची, खालची पाय ठेवायची. दोन्हींना खोडाभोवती फिरवायची एक केबल. चौकटीवर वजन पडलं की दात सालीत रुततात, वजन काढलं की सुटतात. वरची उचलायची, तिच्यावर भार टाकायचा, पायांनी खालची ओढून घ्यायची, उभं राहायचं, परत वरची. आपल्याकडे हल्ली नारळावर चढायला जी दोन भागांची मशीन मिळते तिचाच हा धाकटा भाऊ. फरक एवढाच की माड देवाने क्लाइंबरसाठीच बनवलाय, सरळसोट, फांदी नाही, खालपासून वरपर्यंत जवळपास एकच जाडी. मिशिगनमध्ये माड नाहीत, सगळी भानगड तिथून सुरू होते.

दुसरं म्हणजे इथे सरकारी जमिनीवर झाडाला खिळा, स्क्रू, बोल्ट काही ठोकायचं नाही, फांद्या तोडायच्या नाहीत. म्हणजे झाड आहे तसंच घ्यायचं, एखादी फांदी आडवी आली तर विषय संपला.

२ सप्टेंबर, शनिवार

वॉटरलू रिक्रिएशन एरिया. घरापासून पाऊण-एक तास, वीस हजार एकरांच्या वर जंगल, हंटिंगला परवानगी. मागच्या हिवाळ्यात फिरताना एक जागा हेरून ठेवली होती, दोन दलदलींच्या मधोमध एक अरुंद उंचवटा, त्यावरून हरणांची वाट गेलेली, बाजूला व्हाइट ओक, खाली त्याची फळं पडायला लागली की हरणं येणार म्हणजे येणार. वाटेपासून वीस यार्डावर एकच झाड असं की ज्याला वीस फुटांपर्यंत फांदी नाही. सरळ. वर बघितलं, हिरवंगार. झालं, स्टँड लावला.

तीन फूट चढलो असेन, वरच्या चौकटीवर भार टाकला आणि करर्र आवाज होऊन सालीचा ताटाएवढा तुकडा दातांसकट सरकून खाली. मी पण फूटभर खाली. सालीच्या आत बघतो तर नागमोडी खोदकाम, कोणीतरी ब्रशने नक्षी काढल्यासारखं. अ‍ॅशचं झाड होतं, आणि कधीचं मेलेलं. वर जे हिरवंगार दिसत होतं ती रानद्राक्षाची वेल, पार शेंड्यापर्यंत चढून बसलेली.

आता लाज अशी की मी या भागात राहतो. अ‍ॅश मारणारा तो हिरवा भुंगा, एमराल्ड अ‍ॅश बोरर, अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोच मुळी २००२ साली डेट्रॉइटच्या आसपास. कोट्यवधी झाडं खाल्ली त्याने. आमच्या गल्लीतली कापलेली बुंधं मी रोज बघतो. तरी जंगलात गेल्यावर डोकं घरी ठेवून गेलो. मेलेली अ‍ॅश ठिसूळ होते, वरच्या फांद्या वाऱ्याशिवायही पडतात, तिच्यावर चढणं सोडा, तिच्या खाली उभं राहू नये.

तेव्हापासून नियम: वर हिरवं आहे का हे बघायचं नाही, *झाडाचं स्वतःचं* पान शोधायचं, फांदीपासून देठापर्यंत नजर नेऊन. आणि खोडावर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं किंवा सुतारपक्ष्याने सोलून पांढुरके केलेले पट्टे दिसले की पुढे चालू लागायचं.

हिशोब: एक पूर्ण दिवस, पदरात शून्य.

९ सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहू की नको असा विचार केला, पण या नोंदी त्यासाठीच आहेत.

त्याच उंचवट्यावर थोडं पुढे शॅगबार्क हिकरी. नावातच आहे, सालीच्या लांब पट्ट्या खालून-वरून सुटलेल्या, जुन्या घराच्या भिंतीचे पोपडे निघतात ना, तसं. जिवंत आहे, पान बघितलं, जाड आहे, सरळ आहे. मनात म्हटलं साल जरा सैल आहे पण दात आतपर्यंत जातील की. नाही जात. दात पकडतात पोपड्याला, आणि पोपडा कशाला पकडून आहे ते त्यालाच माहीत.

सात-आठ फुटांवर होतो. खालची चौकट ओढून घ्यायला पाय उचलले, पट्टी सुटली, चौकट पायातून निसटली आणि खडखडत तळाला जाऊन पडली. मी वर, नुसता बसायच्या चौकटीत, पाय लोंबकळत. आणि दोन्ही चौकटी एकमेकींना बांधायची जी दोरी असते ती कुठे होती? गाडीत. नवीन पॅकेटमध्ये. चार डॉलरची दोरी.

हार्नेस झाडाला बांधलेला होता त्यामुळे पडलो नसतो, पण उतरायचं कसं? दहा मिनिटं विचार केला, मग खोडाला मिठी मारून, टेदर (हार्नेस झाडाला जोडणारा पट्टा) एका हाताने सरकवत, घसरत घसरत खाली आलो. कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटून निघालं. वीस फुटांवर हे झालं असतं तर फोन करून कोणाला तरी बोलवावं लागलं असतं, आणि त्या उंचवट्यावर फोनला रेंज नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सोलवटलं म्हणून खाजतंय असं दोन दिवस वाटत होतं. आज फोड आले. दोन्ही हात, गळा, एक कान. त्या हिकरीच्या मागच्या बाजूला एक केसाळ दोरीसारखी वेल चढली होती, मी तिलाच कवटाळून उतरलो होतो. पॉइझन आयव्ही.

आपल्याकडच्या माणसाला दोन शब्दांत सांगायचं तर बिब्बा उतला. आणि खरंच तेच आहे, बिब्बा, काजू, आंबा आणि ही वेल सगळी एका कुळातली, आंब्याच्या चिकाने तोंड येतं त्याची ही अमेरिकन आवृत्ती. लहानपणी काजूच्या बोंडांमध्ये हात घालून वाढलेला मी, मला वाटायचं मला काही होत नाही. अर्जंट केअर (तातडीचा दवाखाना) ५० डॉलर, गोळ्या वेगळ्या.

घरी गणपतीची तयारी. बायकोने सांगून टाकलं की तू उकडीला हात लावायचा नाहीस. मी समजावलं की तेल धुऊन गेलंय, फोडांतल्या पाण्याने दुसऱ्याला होत नाही, डॉक्टर म्हणाला. तर म्हणे डॉक्टरला मोदक खायचे नाहीयेत.

आईबाबांना व्हिडिओ कॉलवर हात दाखवले. बाबा शांतपणे बघत होते, मग एकच वाक्य, "तुका ह्या कित्याक व्हया?" उत्तर नव्हतं.

आता झाडाला हात लावायच्या आधी पूर्ण फेरी मारतो. तीन पानांची वेल किंवा केसाळ खोड दिसलं, की झाड बाद. सुकलेली दिसली तरी बाद, तिचा चीक सुकल्यावरही पोळतो.

२३ सप्टेंबर, शनिवार

स्टँड घेऊन गेलोच नाही. फक्त टेप घेऊन गेलो. आईने शिलाई मशीनच्या डब्यात दिलेली शिंप्याची पिवळी टेप, साठ इंची.

माझा स्टँड ८ ते २० इंच व्यासाच्या खोडाला चालतो असं लिहिलंय. व्यास नजरेने ठरवायला गेलं की माणूस फसतोच, दुरून बारा वाटलेलं जवळ जाऊन अठरा निघतं. घेर मोजला की भागिले ३.१४. साठ इंच घेर म्हणजे साधारण १९ इंच व्यास. म्हणजे टेपची दोन टोकं एकमेकांना भेटली नाहीत की झाड बाद, गणित करायलाही नको. खालची हद्द २८ इंच घेर धरली, म्हणजे ९ इंच, तिथे टेपवर नेलपॉलिशचा ठिपका लावला (बायकोला विचारून). दोन खुणांच्या मध्ये आलं तर पुढचा विचार.

पण हे झालं छातीच्या उंचीला. गुरुजीने फोनवर विचारलं, वर किती आहे? मी म्हटलं वर कसं मोजू? म्हणाला मोजू नकोस, अंदाज घे, पण लक्षात ठेव की झाड गाजरासारखं असतं. खाली १८ असेल तर वीस फुटांवर १३-१४ होऊ शकतं. आणि त्याचा परिणाम काय होतो हे मी दुपारी घराच्या मागच्या मेपलवर करून बघितलं: खाली केबल लावताना चौकट अगदी समतल ठेवली, बारा फूट चढलो तोवर पुढची बाजू खाली झुकलेली, घसरगुंडीवर उभं राहिल्यासारखं. खोड बारीक होत गेलं तशी केबल ढिली पडत गेली आणि चौकट वाकत गेली. म्हणून खाली लावतानाच पुढची बाजू चांगली वर उचलून लावायची, चुकीची वाटेल इतकी, मग वर गेल्यावर ती सपाट होते. जेवढं झाड जास्त निमुळतं तेवढी जास्त उचल. आणि फारच निमुळतं असेल तर ते झाडच नको, वर जाऊन केबलची पिन बदलत बसणं हा अंधारात करायचा धंदा नाही.

तीन तासांत चौदा झाडं मोजली. टेपमध्ये बसली सात. त्यातली दोन फांद्यांमुळे गेली, एक किंचित कललेलं होतं (कललेल्या झाडावर चढता येतं, पण तीन तास बसल्यावर एका कुल्ल्यावर सगळं वजन येतं, घरच्या झाडावर अनुभव घेतलाय), एकावर वेल. उरली तीन: एक रेड पाइन, एक ब्लॅक चेरी, एक बीच. चालून दमलो तरी हा या महिन्यातला सगळ्यात कामाचा दिवस.

१ ऑक्टोबर, रविवार

बो सीझनचा पहिला दिवस. रेड पाइन.

पाइन म्हणजे या जंगलातला माड. रांगेत लावलेली, खालच्या फांद्या आपोआप गळून गेलेल्या, बारा इंच, दहा मिनिटांत वीस फुटांवर. असं वाटलं की लोक उगाच कटकट करतात.

उजाडल्यावर कळलं की मी कुठे बसलोय. चारही बाजूंना नुसते खांब आणि त्यातल्या एका खांबावर गाठ आल्यासारखा मी. मागे पान नाही, बाजूला फांदी नाही. साडेआठला दोन माद्या आल्या, पन्नास यार्डावर पहिली थांबली, मान वर केली, सरळ माझ्याकडे. मी श्वास रोखून. तिने पुढचा पाय दोनदा आपटला आणि शेपटीचा पांढरा झेंडा करून दोघी गेल्या. हरणाला वर बघता येत नाही असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

शिवाय डिंक. हातमोजे, पँट, हार्नेसचे पट्टे, केबल, सगळं चिकट, धुऊन निघत नाही. शिवाय वारा सुटला की बारीक पाइन डोलतं, मला बोट लागते तसं झालं. शिवाय तोंड पूर्वेला करून बसलो होतो, त्यामुळे आठ ते नऊ डोळ्यांत सूर्य. चार चुका एका झाडात.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सर्वपित्री अमावास्या. बायको म्हणाली आज तरी नको. सकाळी पान ठेवलं, आमच्या सबडिव्हिजनमध्ये कावळा म्हणून येईना, वाट बघून बघून दुपारी जेवलो आणि निघालो. जंगलात पाय ठेवला तर कावळेच कावळे.

झाड ब्लॅक चेरी. साल काळी, करपलेल्या पोह्याच्या पापडाचे तुकडे चिकटवल्यासारखी. वरचे तुकडे झडतात, आवाज होतो, पण हिकरीसारखी फसवत नाही, दात खाली घट्ट बसतात. चढताना दर फुटाला झटका देऊन बघत होतो. मागे दुसऱ्या झाडाची पानं, पाठ झाकलेली. सूर्य पाठीशी. वाट डाव्या हाताला, हे मुद्दाम, कारण उजव्या हाताच्या माणसाला बसल्या बसल्या डावीकडे नेम धरता येतो, उजवीकडे धरायला सगळं अंग वळवावं लागतं. म्हटलं आज जमलं.

वारा पश्चिमेचा, हलका, हरणं उत्तरेकडून येणार, म्हणजे वास त्यांच्या तोंडावर जात नाही. साडेसहापर्यंत सगळं शांत. मग सूर्य झाडांखाली गेला, वारा पडला, आणि दहा मिनिटांत खालच्या दलदलीतून फुर्रर्र असा फुत्कार. एकदा, दोनदा, पाचदा. दिसलं काहीच नाही. त्यांना मात्र सगळं समजलं.

गुरुजी म्हणाला, तुझं झाड उतारावर आहे ना? संध्याकाळी हवा गार झाली की ती जड होऊन उताराने पाण्यासारखी खाली वाहते. सकाळी ऊन पडलं की उलटं, वर जाते. फोनवरचा वारा हा वरचा वारा. तू संध्याकाळी उताराच्या डोक्यावर बसून त्यांच्या झोपायच्या जागेत स्वतःचा वास ओतत होतास. चेरी चांगली आहे, सकाळची चेरी आहे.

म्हणजे एका झाडाला वेळ पण असते. हे मला कोणत्याही व्हिडिओत दिसलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, रविवार

नवरात्रभर शिकार बंद, हा घरातला करार. म्हणून भर दुपारी फक्त वारा बघायला गेलो. रस्त्याकडेला मिल्कवीडच्या शेंगा फुटलेल्या, आपल्या रुईची चुलत बहीण, आत तशाच रेशमी म्हाताऱ्या. खिसाभर घेतल्या. इथले शिकारी हेच करतात, एक म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते बघत बसायचं. पावडरची बाटली मिळते पण तिचा धूर दोन फुटांवर दिसेनासा होतो, म्हातारी साठ-सत्तर यार्ड दिसत राहते. चेरीजवळ सोडलेली सरळ जाता जाता अचानक डावीकडे वळून दलदलीत उतरली, म्हणजे माझा वास ज्या रस्त्याने गेला तो रस्ता डोळ्यांनी बघितला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस जंगलात म्हाताऱ्या उडवतोय, कोणी बघितलं नाही हे बरं.

उंचवट्याच्या पलीकडच्या अंगाला एक रेड ओक दिसला, टेपने ४५ इंच, म्हणजे १४ च्या आसपास व्यास. १६ फुटांवर एक फांदी आडवी. तिच्या खाली थांबायचं म्हटलं तर १५ फूट. मला वीस हवे होते, सोडून दिला. (हे लक्षात ठेवा.)

२८ ऑक्टोबर, शनिवार

बीच. रात्री भुरभुर पाऊस, पहाटे गारठा. बीचची साल म्हणजे हत्तीचा पाय, राखाडी, गुळगुळीत, दिसायला जंगलातलं सगळ्यात देखणं झाड. कोरडी असताना दुपारी चढून बघितलं होतं, व्यवस्थित.

आज सहा वाजता, अंधारात, डोक्याला लाल दिवा. दहा फुटांवर उभं राहून वरची चौकट उचलली आणि पायाखालची चौकट सुरू झाली. पडली नाही, *घसरली*, दात सालीवरून ओरखडे काढत, हळू, जसा बर्फावर गाडीला ब्रेक लावल्यावर गाडी थांबत नाही तसं. फूटभर, मग थांबली. टेदर ताणला गेला, पट्टे मांड्यांत रुतले. दोरी बांधलेली होती. मी खोडाला गाल लावून उभा, गाल ओला, आणि कानात फक्त माझंच काळीज.

पाच मिनिटांनी एकेक इंच खाली उतरलो. गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायला, हात थरथरत होते म्हणून अर्धा मांडीवर. दिवा लावून दात बघितले तर टोकं बोथट. जुन्या स्टँडचे दात मी एकदाही तपासले नव्हते. पण फक्त दातांचा दोष नाही, गुळगुळीत साल ओली किंवा गोठलेली असेल तर नवीन दातही पकड घेत नाहीत. बीच, अ‍ॅस्पेन, असल्या सगळ्या सालींवर माझ्याकडून कायमची फुली.

रात्री कोजागिरीचं दूध मित्राकडे. बायकोला घसरल्याचं सांगितलं नाही. (आता वाचेल.)

४ नोव्हेंबर, शनिवार

दात कानशीने घासून धार काढली, दीड तास.

जंगलात गेलो तर जंगलच बदललेलं. पानं गळाली. ज्या चेरीवर मी ऑक्टोबरात पडद्यामागे बसलो होतो ती आता विजेचा खांब. मागची सगळी पानं मेपलची होती, मेपल पानं धरून ठेवत नाही. सप्टेंबरात झाड निवडलं आणि शिकार नोव्हेंबरात, यातली मेख आज कळली, कारण हरणांचा माज तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच असतो, तेव्हाच नर दिवसाढवळ्या फिरतात.

मग आठवला तो सोडून दिलेला रेड ओक. जाऊन बघितलं. त्याच्या मागे बीचची पाच-सहा लहान रोपं, पंधरा-वीस फुटी. लहान बीच आपली वाळलेली पानं हिवाळाभर सोडत नाहीत, तांब्याच्या रंगाची, कागदासारखी वाजणारी. म्हणजे ज्या झाडाने मला घसरवलं त्याचीच पोरं माझी पाठ झाकणार. शिवाय ज्या फांदीमुळे झाड सोडलं होतं ती फांदी आता डोक्यावर आडोसा. पंधरा फूट उंची, पण मागे दाट पडदा असेल तर पंधरा पुरतात, वीस फुटांवर उघडं बसण्यापेक्षा हे बरं. उंचीचं खूळ माझं होतं, हरणांचं नाही.

साल कशी? उभ्या खाचा, कडक, कोरडी, दात असे बसतात की उतरताना सोडवायला झटका द्यावा लागतो. वाटेपासून २२ यार्ड. जमीन सपाट, म्हणून हवेची घसरण नाही. म्हातारी सोडली, सरळ पूर्वेला दलदलीच्या पाण्यावर गेली, तिथून हरणं येत नाहीत. जायला ओढ्याच्या काठाने वाट, पायाखाली पानांचा कचकचाट कमी.

शिकारीला बसलो नाही. नुसतं चढून, बसून बघून, वेळ मोजून उतरलो: चौदा मिनिटं वर, नऊ खाली. चौकटींच्या धातूवर जिथे जिथे वाजतं तिथे कापडी टेप गुंडाळली.

११ नोव्हेंबर, शनिवार

उद्या लक्ष्मीपूजन. घरी चकल्या चालू. "दहापर्यंत ये, पाहुणे आहेत" या अटीवर पहाटे सुटलो. पावणेसहाला झाडाखाली. क्रॉसबो दोरीला बांधून खालीच ठेवला, बाण न लावता, वर गेल्यावर ओढून घेतला. कमरेचा पट्टा आणि टेदर जमिनीपासूनच.

सातला उजाडायला लागलं. साडेसातला एक लहान नर नाक जमिनीला लावून धावत गेला, कुठे आग लागल्यासारखा, थांबलाच नाही. मग बराच वेळ खारी. पावणेनऊला डावीकडे पानांत पावलं, खारीपेक्षा जड, थांबत थांबत. मोठी मादी, एकटी. ती दुसऱ्या एका ओकच्या खोडाआड येईपर्यंत थांबलो, तेवढ्यात हळूच क्रॉसबो उचलला. मागे वाऱ्याने बीचची पानं वाजली, तिने मान वर केली, माझ्या दिशेला बघितलं, आणि परत खाली घातली. पाइनवर जे झालं तेच दृश्य, फक्त शेवट वेगळा. २२ यार्ड, आडवी उभी. बाण पार गेला. साठ-सत्तर यार्डांवर पडलेली मिळाली.

तिच्याजवळ थोडा वेळ नुसता बसलो. त्यावर जास्त लिहीत नाही.

हरणाला परवान्याचा टॅग लावला, फोनवर रेंज आल्यावर ऑनलाइन नोंद केली (इथे ७२ तासांच्या आत बंधनकारक आहे). ओढून गाडीपर्यंत आणायला दोन तास लागले, घरी पोचलो एकला. पाहुणे जेवून गेले होते. मांस गुरुजीच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये, दिवाळी होईपर्यंत आमच्या घरात येणार नाही असं ठरलंय.

१८ नोव्हेंबर, शनिवार

१५ तारखेपासून बंदुकीचा सीझन. ऑरेंज (भडक नारिंगी कपडे) घालावं लागतं, आणि सरकारी जंगलात जत्रा असते, मी जात नाही. म्हणून घरी बसून हिशोब.

स्टँड १६०, हार्नेस ९०, दोऱ्या आणि टेप २०, अर्जंट केअर ५० अधिक गोळ्या १२, कानस घरचीच. लायसन्स बेस (मूळ परवाना) ११ आणि डिअर कॉम्बो (हरणांचा परवाना) ४०. पेट्रोल लिहिलं नाही, कारण हे घरी वाचलं जातं. झाडं: मोजलेली तिसाच्या वर, जंगलात चढलेली सहा, ज्यावर पुन्हा चढेन अशी दोन, चेरी सकाळी ऑक्टोबरात आणि ओक नोव्हेंबरात.

ओक नेमका कुठे आहे असं दोघांनी विचारलं. वॉटरलूमध्ये आहे.

आज स्टँड धुताना दिसलं की खालच्या केबलचं प्लॅस्टिकचं आवरण एका जागी फाटलंय आणि आतली तार थोडी गंजलीय. नवीन केबलची जोडी ४५ डॉलर, मागवली. ती येईपर्यंत स्टँड गॅरेजमध्ये खुंटीला, आणि त्याच खुंटीला पिवळी टेप.